बारा व्होल्टांवरचा दर्या



वसंतातल्या व्याख्यानात इतिहास म्हटला म्हणजे श्रोत्यांना किल्ल्यांची आणि तहांची अपेक्षा असते. रत्नागिरीत तर टिळकांच्या जन्मस्थानाची आणि थिबा राजाच्या नजरकैदेची असते. ती अपेक्षा आज माझ्याकडून पुरी व्हावयाची नाही. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते थोडे डाखाच्या धुरात, थोडे आपल्या जिल्हा नगर वाचनालयाच्या टेबलाशी आणि बरेचसे मिरकरवाड्याच्या जेटीवर. गेली पंचवीस-तीस वर्षे मी तेथील खलाश्यांची, बर्फ फोडणाऱ्यांची आणि मासळीच्या पाट्या वाहणाऱ्यांची संघटना बांधण्याचे काम करीत आहे. तेव्हा मला जो इतिहास थोडाफार ठाऊक आहे तो एका बॅटरीचा आहे.

जेटीवर उभे राहून कोणत्याही यांत्रिक बोटीच्या केबिनमध्ये डोकावून पाहा. सुकाणूच्या चाकासमोर वायरलेसचा संच दिसेल, पाण्याखालची मासळी दाखविणारा पडदा दिसेल, त्याच्या शेजारी उपग्रहांच्या साहाय्याने बोटीची जागा सांगणारा दुसरा पडदा दिसेल, आणि कोपऱ्यात मोबाइल चार्ज करण्याची एक तार लोंबत असेल. ही सारी यंत्रे ज्या पेटीवर जगतात ती बॅटरी खाली इंजिनापाशी असते. शिसे आणि गंधकाम्ल. दोन-दोन व्होल्टांची सहा घरे, मिळून बारा व्होल्ट. मोठ्या बोटींवर अशा दोन बॅटऱ्या जोडून चोवीस करतात. घरातल्या दोनशे तीस व्होल्टांपुढे हा दाब अगदीच किरकोळ. परंतु खाऱ्या पाण्यात ओलेत्याने काम करणाऱ्या माणसाला ज्या विजेचा हात लागला तरी जीव जात नाही, ती वीज त्याच्या दृष्टीने किरकोळ नव्हे.

एवढ्या थोड्या दाबावर एवढी यंत्रे चालावीत ही गोष्ट पाऊणशे वर्षांपूर्वी शक्य नव्हती. ती का शक्य नव्हती, मग कशी झाली, आणि झाल्यावर बोटीवरच्या माणसाचे काय झाले, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

आपल्यापैकी जे वडीलधारे आहेत त्यांना घरातला जुना रेडिओ आठवत असेल. कपाटाएवढा लाकडी संच, बटण फिरविल्यावर अर्धा मिनिट वाट पाहावयाची, मग आतून पिवळसर उजेड आणि उशिरा येणारा आवाज. त्या आवाजाला उशीर होत असे तो आतल्या काचेच्या व्हॉल्व्हांमुळे. व्हॉल्व्हमध्ये एक तार तापवून लाल करावी लागते. ती तापली म्हणजे तिच्यातून विद्युत्कण निघतात, आणि ते पलीकडच्या पत्र्यावर खेचून न्यावयाचे तर त्या पत्र्याला मोठा दाब द्यावा लागतो. घरच्या विजेवर चालणाऱ्या संचांत तो दोन-अडीचशे व्होल्टांपर्यंत असे. ज्या गावांत वीज नव्हती तेथे कोरड्या बॅटरीचा संच मिळे. त्याला तार तापविण्यासाठी दीड व्होल्टाची एक आणि दाबासाठी नव्वद व्होल्टांची दुसरी अशी जोडी लागे. असा संच होडीवर न्यावयाचा म्हणजे काचेचे भांडे रापणीच्या जाळ्यात बांधून ओढण्यासारखेच होते. एका लाटेत व्हॉल्व्ह फुटावयाचा, आणि खारी हवा तर होतीच.

या अडचणीतून मार्ग निघाला तो काच आणि आच दोन्ही टाळून. धातूही नाही आणि विजेचा पुरता रोधकही नाही, असे काही पदार्थ निसर्गात आहेत. त्यांना अर्धवाहक म्हणतात. आमच्या देशातल्या जगदीशचंद्र बोसांनी गॅलिना नावाच्या खनिजाचा स्फटिक विद्युत्लहरी टिपण्यासाठी वापरला आणि त्याचे अमेरिकी पेटंट त्यांना १९०४ साली मिळाले. अर्धवाहकाच्या साधनाला मिळालेले ते पहिले पेटंट मानले जाते. परंतु स्फटिकाने लहर टिपणे निराळे आणि क्षीण लहर मोठी करणे निराळे. ते दुसरे काम १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी जर्मेनियमच्या तुकड्यावर सोन्याची दोन टोके टेकवून करून दाखविले. त्यांचा प्रमुख विल्यम शॉक्ली. तिघांना मिळून १९५६ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले. त्या साधनाचे नाव ट्रान्झिस्टर. त्यात तापवावयाचे काही नाही आणि फुटावयाचेही काही नाही. विद्युत्कण स्फटिकाच्या आतच चालतात, केसाहून लहान अंतर जातात, म्हणून त्यांना ढकलण्यास थोडा दाब पुरतो. नव्वद व्होल्टांचे काम नऊ व्होल्टांत होऊ लागले. १९५४ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत खिशात मावणारा पहिला रेडिओ जाहीर झाला, त्यात अवघे चार ट्रान्झिस्टर होते.

आपल्याकडे तर साधनाचे नावच साऱ्या संचाला पडले. ‘ट्रान्झिस्टर लाव’ म्हणजे रेडिओ लाव. सुताच्या पिशवीत घालून, वरून मेणकापड गुंडाळून, तो खलाश्यांनी होडीवर नेला. १९७७ साली रत्नागिरीस आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले. त्याआधी मुंबई ऐकावयाची. घरच्या माणसांना बोटीवरच्या माणसाशी बोलता येत नव्हते, पण वादळाचा इशारा तरी आता दर्यात पोहोचू लागला. तोवर हवामानाचे ज्ञान तांडेलाच्या डोळ्यांत आणि गुडघ्यांत असे. गुडघे दुखू लागले म्हणजे वारा फिरणार, असे सांगणारे म्हातारे मी पाहिले आहेत, आणि त्यांचे म्हणणे खरे ठरलेलेही पाहिले आहे.

माझा स्वतःचा या विषयाशी संबंध आला तो १९८४ च्या सुमारास. शाळा सुटली होती. बंदराकडे जाणाऱ्या वाटेवर रेडिओ दुरुस्तीचे एक दुकान होते, तेथे मी झाडू मारावयास लागलो. वर्षभराने मालकांनी हातात डाखाचा लोखंडी दांडा दिला. बोटीवरून येणाऱ्या संचांचे दुखणे बहुधा एकच असे. मिठाची हवा आत शिरे आणि तांब्यावर हिरवा कळंक चढे. तो ब्रशने घासून काढावयाचा, सांधा पुन्हा डाखावयाचा, कंडेन्सर बदलावयाचा आणि वर मेणाचा हात फिरवावयाचा. कोणता भाग काय करतो हे मला कोणी शिकविले नाही. मालक ‘हा काढ, हा घाल’ म्हणत. का, असे विचारले तर हसत. तेव्हा दुपारच्या सुटीत मी वाचनालयात जाऊन ‘सृष्टिज्ञान’चे जुने अंक काढून बसे. एका अंकातले अर्धे समजले नाही तर पुढच्या अंकात समजेल अशा आशेवर मी तीन वर्षे काढली. आज महाविद्यालयात हा विषय घेणाऱ्या मुलांना माझी रीत हास्यास्पद वाटेल. पण नादुरुस्त संच हे पुस्तक असे असते की त्यात चूक राहिली तर ते बोलतच नाही.

एक दिवस बोटीवरचा एक दिवा दुरुस्तीला आला. जाळ्याच्या टोकाला बोया बांधतात, त्यावर रात्री मिचकणारा दिवा असतो, तो हा. उघडून पाहिले तर आत काहीच नव्हते असे म्हणावयास हरकत नाही. एक काळा, आठ पायांचा किडा. त्याच्याभोवती दोन रेझिस्टन्स आणि एक कंडेन्सर. मालक म्हणाले, “ही आयसी. पाचशे पंचावन्न. हिला उघडून दुरुस्त करता येत नाही, फेकून दुसरी घालतात.” मला ते वाक्य लागले. दुरुस्त करणाऱ्याच्या तोंडी ‘दुरुस्त करता येत नाही’ हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

आयसी, म्हणजे एकात्मिक मंडल, जन्मास आले त्याची हकिगत मोठी मौजेची आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकी कंपनीत १९५८ साली जॅक किल्बी नावाचा इंजिनियर नव्याने लागला होता. जुलैत साऱ्या कारखान्याला रजा असे. हा नवा, त्याच्या खाती रजा जमलेली नव्हती, म्हणून तो ओसाड प्रयोगशाळेत एकटाच काम करीत राहिला. ट्रान्झिस्टर, रेझिस्टन्स, कंडेन्सर हे सारे निरनिराळे करून मग तारांनी जोडावयाचे, त्यापेक्षा एकाच स्फटिकाच्या तुकड्यात सारे का करू नये, असा विचार त्याला तेथे सुचला. १२ सप्टेंबर १९५८ रोजी त्याने जर्मेनियमचा एक ओबडधोबड तुकडा वरिष्ठांपुढे चालवून दाखविला. कामगारांच्या चळवळीतला माणूस म्हणून रजा नाकारण्याचे समर्थन मला करता येत नाही, परंतु या एका प्रसंगी जगाचा फायदा झाला हे कबूल केले पाहिजे. किल्बीच्या तुकड्यात एक उणीव होती. आतले भाग एकमेकांना जोडण्यासाठी बारीक तारा वरून हाताने लावाव्या लागत. पुढच्याच वर्षी फेअरचाइल्ड कंपनीच्या रॉबर्ट नॉइसने सिलिकॉनवर काचेसारखा पातळ थर आणि त्यावर ॲल्युमिनियमच्या रेघा अशी युक्ती काढून त्या तारा घालविल्या. नॉइस १९९० साली वारला. किल्बीला २००० साली नोबेल मिळाले.

माझ्या हातात आलेल्या त्या आठ पायांच्या किड्याचा कर्ता हान्स कामेन्झिंड. मूळचा स्वित्झर्लंडचा, अमेरिकेत गेलेला. त्याने १९७१ साली सिग्नेटिक्स कंपनीसाठी याची आखणी केली. आत सुमारे पंचवीस ट्रान्झिस्टर आहेत, आणि त्यांचा नकाशा त्याने संगणकाच्या मदतीवाचून, तांबड्या पातळ पापुद्र्यावर चाकूने कापून तयार केला. बाहेरचा कंडेन्सर भरावयाचा, ठराविक पातळीला आला की रिता करावयाचा, पुन्हा भरावयाचा. एवढेच त्याचे काम. ओहोटी-भरतीसारखे. भरण्याचा वेग रेझिस्टन्सने ठरवावयाचा, म्हणजे दिवा सेकंदाला एकदा मिचकेल की तीन सेकंदांनी, हे आपल्या हाती राहते. साडेचारपासून पंधरा व्होल्टांपर्यंत काहीही दिले तरी तो तक्रार करीत नाही. याचा अर्थ असा की बोटीच्या बॅटरीची तार सरळ जोडली तरी चालते. बॅटरी उतरत आली, बारांचे अकरा झाले, तरी मिचकण्याचा ठेका फारसा बदलत नाही. हा गुण ज्याने त्यात घातला त्याने मिरकरवाडा पाहिला नव्हता, तरी त्याला आमची बॅटरी ठाऊक असावी असे मला त्या वयात वाटे.

कर्त्याचे नाव असे कळते. पुस्तकात छापलेले असते. परंतु नॉइसने आतल्या तारा घालविल्या तरी एक जागा उरलीच. स्फटिकाच्या तुकड्यापासून बाहेरच्या पायांपर्यंत केसाहून बारीक सोन्याची तार जोडावी लागते. हे काम पुष्कळ वर्षे सूक्ष्मदर्शकाखाली हाताने होत असे, आणि ते हात बहुतेक सर्व स्त्रियांचे होते. मजुरी जेथे कमी तेथे हे काम जात राहिले. फेअरचाइल्डने १९६३ साली हाँगकाँगला जुळणी सुरू केली. १९६५ साली त्याच कंपनीने न्यू मेक्सिकोतील शिपरॉक येथे, नाव्हाहो आदिवासींच्या राखीव प्रदेशात, कारखाना काढला. त्यात हजाराच्या आसपास माणसे होती, बहुसंख्य स्त्रिया. कंपनीच्या एका पुस्तिकेत नाव्हाहो स्त्रियांनी विणलेल्या गालिच्याचे आणि आयसीच्या नकाशाचे साम्य दाखवून, या बायकांच्या बोटांत हे कसब उपजतच आहे असे सुचविलेले होते. बोटांची स्तुती फार होऊ लागली की मी सावध होतो. कसब उपजत ठरविले म्हणजे त्याचे दाम द्यावे लागत नाहीत. १९७५ च्या फेब्रुवारीत तेथे माणसे कमी केल्यावर चळवळीच्या लोकांनी कारखाना ताब्यात घेतला. तो सुटल्यावर कंपनीने कारखानाच बंद केला.

आपल्या देशाची कथाही थोडक्यात सांगतो. १९६२ च्या युद्धानंतर, १९६३ साली, होमी भाभांच्या अध्यक्षतेखाली इलेक्ट्रॉनिक्सविषयी समिती नेमली गेली. १९६६ साली तिचा अहवाल आला, पण त्याआधीच भाभा विमान अपघातात गेले. १९७३ साली मुंबईत अंधेरीला सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात क्षेत्र सुरू झाले. मोहालीला सरकारी आयसी-कारखान्याने १९८४ साली उत्पादन सुरू केले, आणि १९८९ च्या फेब्रुवारीत तो आगीत सापडला. ती आग लागली नसती तर काय झाले असते यावर आमच्याकडचे शिकलेले लोक अजून वाद घालतात. आमच्या बोटींवरच्या आयसी मात्र परदेशातूनच येत राहिल्या.

अंधेरीच्या त्या क्षेत्रात कोकणच्या कितीतरी मुली कामाला होत्या. माझी एक मावसबहीण त्यांत होती. ती गणपतीला गावी आली म्हणजे मी तिला खोदून खोदून विचारी. ती सांगे, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले म्हणजे तो तुकडा शेतांच्या बांधांसारखा दिसतो, मध्ये मध्ये चौकोन, कडेला वाटा. दिवसभर ते बांध पाहून संध्याकाळी लोकलमध्ये डोळे मिटले तरी तेच दिसे. हे तुकडे पुढे कशात बसतात, असे मी विचारले. तिला ठाऊक नव्हते. मी दुकानातला एक जळलेला तुकडा आणून तिच्या हातावर ठेवला. तिने उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, “असा बाहेरून मी कधी पाहिलाच नाही रे.”

आता मी बोटीवर येतो. मासळी कोठे आहे हे पूर्वी तांडेल सांगे. पाण्याचा रंग, पाखरांची झुंबड, वर येणारे बुडबुडे. काही जुने तांडेल तर वल्ह्याची मूठ कानाला लावून पाण्यातला आवाज ऐकत. बुडबुड्यांची ही खूण जपानी कोळ्यांनाही ठाऊक होती. नागासाकी प्रांतात कियोताका फुरुनो नावाचा एक गृहस्थ बोटींवरची विजेची कामे करीत असे. जेथे बुडबुडे तेथे मासळी, हे त्याने कोळ्यांकडून ऐकले. बुडबुड्यांवरून ध्वनी परततो, मग मासळीवरूनही परतला पाहिजे, असे त्याच्या मनाने घेतले आणि भावासह त्याने १९४८ साली मासे शोधण्याचे यंत्र सिद्ध केले. फुरुनो हे नाव आज मासेमारीच्या बंदरांत कोणाला अपरिचित नाही. यंत्राचे तत्त्व सोपे आहे. ध्वनी समुद्राच्या पाण्यात सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर जातो. बोटीच्या तळातून टिचकी मारली आणि सेकंदाच्या दहाव्या हिश्शात प्रतिध्वनी आला, तर जाऊन-येऊन दीडशे मीटर झाले, म्हणजे वस्तू पंचाहत्तर मीटरांवर आहे. हे मोजणे-मांडणे आयसी करतात, त्याही बारा व्होल्टांवर.

मला हे यंत्र प्रथम दाखविले ते एका म्हाताऱ्या दालदी तांडेलाने. सारी जेटी त्यांना चाचा म्हणे. पडद्यावर तांबडा ढग आला. मी म्हटले, “चाचा, आता तुमचे काम सोपे झाले.” ते म्हणाले, “पोरा, खाली काहीतरी आहे एवढे मशीन सांगते. बांगडा आहे की कचरा, ते मीच सांगतो.”

चाचा म्हणत ते खरे होते, पण नाखव्यांचा हिशोब निराळा होता. आमच्याकडे पुष्कळ बोटींवर वाटणीची पद्धत असे. मासळी विकून आलेल्या पैशांतून डिझेल, बर्फ, शिधा वजा घालावयाचा. उरलेल्यात बोटीचा वाटा, जाळ्याचा वाटा आणि माणसांचे वाटे. तांडेलाला त्याच्या कसबाबद्दल जादा. यंत्र आल्यावर एका नाखव्याने हिशोबात एक नवी ओळ घातली : मशीनचा वाटा. प्रथम कोणी काही बोलले नाही, कारण मासळी जास्त लागत होती. दोन हंगामांत यंत्राची किंमत वसूल झाली. चौथ्या हंगामातही ती ओळ तशीच होती. आम्ही विचारावयास गेलो तेव्हा उत्तर मिळाले की मशीन अजून काम करीत आहे ना, मग वाटा कसा बंद होईल? मी म्हटले, तांडेलही अजून काम करीत आहे, त्याचा जादा वाटा मात्र आपण मागच्या साली निम्म्यावर आणला. ती बैठक तेथेच मोडली. पुढे वाटणीची पद्धतच अनेक बोटींवर मागे पडत गेली आणि महिन्याच्या पगारावर माणसे ठेवण्याची चाल पडली. आज आमच्या बोटींवर नेपाळची मुले मोठ्या संख्येने आहेत. ऑगस्टमध्ये हंगामाला येतात, ज्यांनी आधी समुद्र पाहिलेलाही नसतो.

जागा सांगणाऱ्या यंत्राने तर याहून मोठी उलथापालथ केली. अमेरिकेने चोवीस उपग्रहांची माळ १९९५ साली पुरी केली. नागरी वापरासाठी सोडलेल्या संकेतांत मुद्दाम चूक घातलेली असे, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत हुकत असे. मे २००० मध्ये ती चूक काढून टाकली आणि दहा-वीस मीटरांच्या आत जागा सापडू लागली. खडप कोठे आहे, बुडालेले जहाज कोठे आहे, कोणत्या महिन्यात कोणत्या वावावर सुरमई लागते, हे ज्ञान पूर्वी बाप मुलाला देत असे, तेही खुणेने. भगवतीच्या किल्ल्याचे टोक आणि १८६७ सालचे दीपगृह यांच्या रेषा जुळवून जागा ठरे. आता तांडेल तेथे पोहोचून बटण दाबतो आणि ‘पॉइंट’ साठविला जातो. एका तांडेलाने तीस वर्षांचे आपले सारे पॉइंट असे मालकाच्या यंत्रात साठविले. पुढच्या हंगामात त्याला सांगण्यात आले की यंदा दुसरा माणूस पाहिला आहे. माणूस गेला, पॉइंट बोटीवरच राहिले. याबद्दल दाद मागावी असे कोणते कलम आहे, हे मी वकिलांना विचारले. त्यांनी चष्मा काढून पुसला.

एलईडीच्या वादाविषयी येथे काही बोललो नाही तर आपण मला घरी जाऊ देणार नाही. निळा एलईडी १९९० च्या दशकाच्या आरंभी जपानात सिद्ध झाला. त्याबद्दल २०१४ साली तिघांना नोबेल मिळाले. तो साधल्यामुळे पांढरा उजेड शक्य झाला. एका दाण्याला तीनेक व्होल्ट पुरतात, पण आमच्या दर्यात दाण्यांची रास करून, बोटीवर जनित्र बसवून, रात्री पाण्यात दिवस करू लागले. उजेडाला लहानथोर सारी मासळी भुलते आणि जाळे सारेच ओढते. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने अशा मासेमारीवर बंदी घातली. ती पुरेशी पाळली जात नाही म्हणून पारंपरिक मच्छीमार पुन्हा पुन्हा रस्त्यावर आले. त्यांचे म्हणणे मला रास्त वाटते. पण बंदी मोडणाऱ्या बोटीवर पकडला जातो तो खलाशीही माझ्याच संघटनेचा असतो आणि दिवे लावण्याचा हुकूम त्याने दिलेला नसतो. या प्रश्नावर आमच्या सभेत मी दोनदा शिव्या खाल्ल्या आहेत, दोन्ही बाजूंच्या.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा सारा इतिहास सांगितला ती सांगतो. काही वर्षांपूर्वी एका बोटीवरचा खलाशी रात्री जाळे सोडताना पाण्यात गेला. प्रेत तिसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागले. नुकसानभरपाईची गोष्ट निघाली तेव्हा मालकाच्या बाजूने सांगण्यात आले की त्या रात्री बोट जेटीवरच होती. माणूस दारू पिऊन धक्क्यावरून पडला असेल. बोटीवरच्या इतरांना पुढच्याच आठवड्यात पगार देऊन गावी पाठविलेले होते. आमच्या हाती काहीही नव्हते.

तेव्हा मला दुकानातले दिवस आठवले. जागा सांगणाऱ्या यंत्रात बोटीची वाट आपोआप साठत असते. बॅटरीची तार काढली तरी ती जात नाही. याचे कारण त्यातली स्मरणाची आयसी. त्या जातीची आयसी जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली जगापुढे मांडली. तिच्यात विद्युत्कण रोधकाच्या भिंतीआड कोंडून ठेवलेले असतात. वीज गेली तरी ते वर्षानुवर्षे तेथेच बसून राहतात. पोलिसांना अर्ज दिला, दोन खेपा घातल्या, आणि पंचांसमोर यंत्र लावले. ज्या रात्री बोट जेटीवर होती म्हणत, त्या रात्रीची रेघ पडद्यावर उमटली. मिरकरवाड्यातून निघून, पश्चिमेकडे जाऊन, एका जागी दोन तास घुटमळून परत आलेली. त्या घुटमळण्याकडे पाहून त्याच्या बायकोने पदर तोंडाला लावला. तिला कोणी काही समजावून सांगण्याची गरज पडली नाही.

मला वाटले, जिंकलो. दुसऱ्या दिवशी नवे म्हणणे आले : बोट गेली होती हे खरे, पण तो माणूस तिच्यावर नव्हता. आणि यंत्र यावर मुके होते. बोट कोठे गेली हे त्याला अक्षांश-रेखांशासह ठाऊक, ती कोणाला घेऊन गेली याची नोंद घेण्याची त्यात सोयच नव्हती. शेवटी आम्हाला हात दिला तो एका किराणा दुकानदाराने. बोटीचा शिधा नेताना त्या खलाशाने स्वतःसाठी विडीचे एक बंडल उधार घेतले होते, आणि वहीत त्याच्या नावापुढे त्या संध्याकाळची तारीख होती. त्या एका ओळीवर तडजोड झाली. रक्कम मिळाली, जेवढी मिळावयास पाहिजे होती तेवढी नाही.

२००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर बोटींवर नजर ठेवण्याची निकड सरकारला पटली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे देशभरातील एक लाख मासेमारी बोटींवर टप्प्याटप्प्याने ट्रान्सपाँडर बसविण्याची योजना जाहीर झाली. तंत्र आपल्या इस्रोचे, खर्च सुमारे तीनशे साठ कोटी. संकटात संदेश देता येतो, वादळाचा इशारा मिळतो, सीमा जवळ आली की कळते. याचे मी मनापासून स्वागत करतो. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळ आले तेव्हा किनाऱ्यावर उभे राहून वायरलेसच्या खरखरीकडे कान लावून बसलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. असे एखादे यंत्र तेव्हा असते तर काहींचे लोक परतले असते. परंतु हेही यंत्र बोटीचेच आहे. बोटीचा क्रमांक त्याला ठाऊक आहे.

म्हणून आम्ही एक वही घातली आहे. जाड पुठ्ठ्याची, दोनशे पानी. जेटीवर बर्फाच्या गाडीपाशी आमचा एक माणूस ती घेऊन बसतो. बोट सुटताना क्रमांक, वेळ, आणि वर असलेल्या प्रत्येकाचे पूर्ण नाव, गाव, घरच्याचा फोन. परत आल्यावर पुढे खूण. काही नाखवे स्वतः होऊन नावे सांगतात, काही आम्हाला पाहून इंजिन लवकर सुरू करतात. नेपाळच्या मुलांची नावे लिहिताना आमच्या माणसाच्या चुका होत असत, तेव्हा आता ती मुले स्वतःच वही हातात घेऊन आपली नावे देवनागरीत लिहितात, अक्षर आमच्यापेक्षा चांगले. पावसात शाई फुटते म्हणून पेन्सिल ठेवली आहे. गेल्या हंगामापर्यंत अशा सहा वह्या भरल्या. सातवी चालू आहे.